उन्हाचा हिशेब

पुण्या-मुंबईत आणि आता साताऱ्या-सांगलीतही अनेक दिवाणखान्यांत काचेच्या भांड्यात एक लहानसे हिरवे कासव दिसते. डोळ्यांमागे लाल पट्टा, काडेपेटीत मावेल एवढा जीव. कुणी मुलांच्या हट्टापायी आणलेले असते, कुणी घरात भरभराट यावी म्हणून. वर्षभरात त्याची पाठ मऊ पडू लागते, कवचाच्या कडा वर वळतात, मागचे पाय ओढले जातात आणि एक दिवस ते खाणे सोडते. घरचे सांगतात, खायला तर रोज घालतो. ते खरेच असते. फक्त कासवाला ऊन मिळालेले नसते. भांडे टीव्हीशेजारी, खिडकीपासून लांब ठेवलेले असते आणि घरात रात्री साडेअकरापर्यंत ट्यूबलाइट चालू असते. त्या प्राण्याच्या वाट्याला ना धड दिवस येतो ना धड रात्र.

पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेटीतला प्रकाश आणि दिवस-रात्रीचे चक्र या विषयावर मराठीत प्रस्तुत पुस्तकासारखे स्वतंत्र पुस्तक का हवे, याचे माझ्यापुरते उत्तर त्या भांड्यात आहे. या प्राण्यांना प्रकाश अन्नासारखा लागतो आणि अंधारही तितकाच लागतो. पाळणाऱ्याने आहाराची चौकशी करायच्या आधी उन्हाची चौकशी करावी, असे माझे ठाम मत आहे.

विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी मूळ गोष्ट आधी सांगतो. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे, ज्यांना यूव्हीबी म्हणतात, ते त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर पडले की ड जीवनसत्त्वाची पूर्वावस्था तयार होते. शरीराच्या उबेने तिचे ड-३ जीवनसत्त्व होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात आणि मगच आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जाते. म्हणजे यूव्हीबी आणि ऊब दोन्ही एका जागी मिळाल्याशिवाय हे काम पुरे होत नाही. ऊन मिळाले नाही तर कितीही कॅल्शियमची भुकटी भुरभुरवा, शरीर हाडांतलेच कॅल्शियम काढून वापरते. जबडा रबरासारखा होतो, पाठीचा कणा वाकतो, बोटे थरथरतात. माणसाच्या मुलांत याच कुळातल्या रोगाला आपण मुडदूस म्हणतो.

प्रकाशाचे दुसरे काम डोळ्यांचे. बहुतेक दिनचर सरड्यांना आपल्यापेक्षा एक रंग जास्त दिसतो, कारण अतिनीलाचा काही भाग त्यांच्या दृष्टीत येतो. साध्या एलईडीखाली ठेवलेल्या सरड्याला आजूबाजूचे जग एका रंगाने उणे दिसते. तिसरे काम घड्याळाचे. अनेक सरड्यांच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो, त्याच्याखाली प्रकाश ओळखणारा तिसरा डोळा असतो. इग्वानात तो सहज दिसतो. दिवस किती लांब आहे, अंधार केव्हा झाला, हे शरीराला कळवण्यात या डोळ्याचा आणि त्यालगतच्या पिनियल ग्रंथीचा वाटा असतो. भूक, झोप, कात टाकणे, विणीचा हंगाम हे सारे या घड्याळावर चालते.

हे पुस्तकांतून वाचण्याआधी आपल्या डोंगरावर पाहता येते. साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार पवनचक्क्यांसाठी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच पठारावरून २०१६ मध्ये गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेल्या सरड्याची ‘सारडा सुपर्बा’ ही नवी जाती जगासमोर आली. उन्हाळ्यात नर दगडावर चढून पंखा फुलवतात. एखाद्या सकाळी तिथे किंवा आपल्याच बांधावर नेहमीच्या सरड्याकडे लक्ष देऊन बघा. ऊन कोवळे असताना तो अंग चपटे करून सूर्याकडे पाठ करतो. ऊन चढले की तोंड सूर्याकडे वळवून अंगावरचे ऊन कमी करतो. दुपारी झुडपाच्या सावलीत जातो, चारच्या सुमाराला पुन्हा बाहेर येतो. दिवसभर तो जागा बदलून स्वतःचे तापमान आणि स्वतःचे ऊन मोजूनमापून घेत असतो. पेटीत ठेवलेल्या प्राण्याकडून आपण हीच निवड काढून घेतो. या पुस्तकातले दिवे, टायमर आणि जाळ्या यांचा उद्देश ती निवड त्याला जमेल तेवढी परत देणे हा आहे.

ही गोष्ट माणसाला उशिरा कळली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातले पहिले स्वतंत्र घर उघडले. ऊब पुरवली की प्राणी जगतो, एवढीच त्या काळची समजूत होती. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशाने बरे केले, आणि अतिनील किरणांकडे वैद्यांचे लक्ष वळले. त्याचा फायदा काही वर्षांत प्राण्यांनाही मिळाला. लंडनमधले सरपटणाऱ्यांचे नवे घर १९२७ मध्ये उघडले, त्याची आखणी जोन प्रॉक्टर या तरुण अभ्यासक बाईंची होती. अतिनील किरण आत सोडणारी खास काच त्यांनी वापरली आणि पेटीच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे तापमान राहील अशी विजेची सोय केली. त्या १९३१ मध्ये ऐन तिशीत वारल्या. आज आपण ज्याला पेटीतला उतार म्हणतो, एक कोपरा तापलेला आणि दुसरा निवांत, त्याची कल्पना त्यांनी शंभर वर्षांपूर्वी विटा-काचेत उतरवली होती.

१९४४ मध्ये अमेरिकेत रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरड्यांवरचा निबंध छापला. सरडा हवेच्या तापमानाचा गुलाम नसतो, वागण्यातून तो आपले तापमान बऱ्याच अरुंद मर्यादेत राखतो, हे त्यांनी दाखवले. पुढची काही दशके मात्र हौशी पाळणाऱ्यांनी त्यातली अर्धीच गोष्ट उचलली: ऊब. पेटीखाली गरम पट्टी, आत विजेचा तापणारा दगड, आणि त्या दगडांनी पोटे भाजलेले कितीतरी प्राणी. १९९० च्या दशकात सरपटणाऱ्यांसाठी खास यूव्हीबी ट्यूब बाजारात आल्या आणि चित्र बदलू लागले. मग पाऱ्याचे दिवे आले, बारीक पण जोरकस टी-फाइव्ह ट्यूब आल्या. २००० च्या दशकात काही कॉम्पॅक्ट दिव्यांतून नको तेवढे आखूड किरण बाहेर पडले आणि प्राण्यांचे डोळे सुजले. यूव्ही असा शिक्का असला म्हणजे दिवा चांगला, हा समज तेव्हा मोडायला हवा होता. आपल्याकडे तो अजून मोडलेला नाही.

खरे वळण २०१० मध्ये आले. गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि जमैकातल्या सरड्या-सापांच्या मागे फिरून, प्राणी जिथे बसला आहे तिथेच यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, मोजला. त्यावरून चार गट झाले. पहिल्यात सावलीत, संधिप्रकाशात वावरणारे, चौथ्यात भर उन्हात बसणारे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या फ्रान्सिस बेन्स या पशुवैद्य आणि त्यांच्या गटाने २५४ जातींसाठी असे अंदाज छापले. तेव्हापासून अमुक वॉटचा बल्ब लावा या सल्ल्याची जागा, प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर निर्देशांक किती भरतो, या प्रश्नाने घेतली.

आज या क्षेत्रात निरनिराळी मते नांदतात आणि नव्या पाळणाऱ्याचा गोंधळ त्यातूनच होतो. एक मत म्हणते की ड जीवनसत्त्व आहारातून दिले की दिव्याची गरज नाही. उंदीर अख्खा गिळणाऱ्या सापांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, आणि बॉल पायथॉनवरच्या एका प्रयोगात यूव्हीबीने रक्तातले ड जीवनसत्त्व वाढलेही नाही. पण कॉर्न स्नेकमध्ये ते वाढले. शिवाय भुकटीचे प्रमाण चुकले तर ड जीवनसत्त्व विषारी ठरते, उन्हाने मात्र ते तसे होत नाही, कारण त्वचा जादा झालेले स्वतःच मोडते. दुसरे मत व्यापारी पैदास करणाऱ्यांचे. प्लॅस्टिकच्या खणांच्या कपाटात, दिव्याविना, शेकडो साप. साप जगतात, अंडीही देतात, म्हणून पद्धत योग्य, असा त्यांचा दावा. मला तो मान्य नाही. जगणे आणि नीट राहणे यांतला फरक ज्याला दिसत नाही त्याने प्राणी पाळू नये. तिसरे मत मोजमापवाल्यांचे, ज्यांचा उल्लेख वर आला. आणि चौथे, जर्मन टेरेरियमवाल्यांच्या परंपरेतून आलेले, पेटीत माती, झाडे, पानगळ, किडे यांसह छोटासा अधिवास उभा करणारे. त्यांच्याकडे तेज आणि सावली झाडांमुळे आपोआप येते. पुस्तकाचा कल तिसऱ्या आणि चौथ्या मताकडे आहे आणि तो मला योग्य वाटतो.

या कलाला आधार देणारा एक सुंदर प्रयोग आहे. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनना काहींना ड जीवनसत्त्व भरपूर असलेला आहार दिला, काहींना कमी. ज्यांना कमी मिळाले ते अतिनील प्रकाशाकडे जास्त गेले. शरीराला किती हवे ते प्राण्याला कळते. आपल्याला फक्त दोन्ही टोके, तेज आणि सावली, उपलब्ध ठेवायची असतात.

आपल्याकडे या ज्ञानाची परंपरा का रुजली नाही, याचे कारण आपल्या उन्हातच आहे. १९७० च्या दशकात मद्रासला सर्पोद्यान आले, १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यात कात्रजला सर्पोद्यान उभे केले. आपल्याकडे प्राणी इथलेच असत आणि त्यांच्यासाठी उघडे खंदक असत. डोक्यावर सूर्य होता, दिव्याचा विचार करण्याची वेळच आली नाही. युरोपात ढगाळ आकाशाने तो विचार करायला लावला. आता आपल्याकडे ऑस्ट्रेलियाचे बिअर्डेड ड्रॅगन, आफ्रिकेचे बॉल पायथॉन, मध्य अमेरिकेचे इग्वाना फ्लॅटमध्ये आले, आणि सूर्य भिंतीबाहेर राहिला.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचाही उल्लेख इथे करायला हवा. नागपंचमीच्या आधी नाग पकडून मडक्यात ठेवायचे, सणाला त्यांची पूजा आणि मिरवणूक करायची आणि मग सोडून द्यायचे, ही तिथली जुनी रीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नागांच्या त्या मिरवणुकीला आळा बसला. नाग हाताळण्याचे जे कसब तिथल्या घराघरांत होते ते खरे होते, नागाविषयीची श्रद्धाही खरी होती. पण मडक्यातल्या त्या दिवसांत नागाला दिवस कुठला आणि रात्र कुठली, हा प्रश्न आपण समाज म्हणून कधी विचारला नाही. मिरवणूक थांबली, तो प्रश्न मात्र काचेच्या पेटीत पुन्हा उभा आहे.

कायद्याविषयीही स्पष्ट बोलायला हवे. आपल्या रानातले नाग, अजगर, घोरपड किंवा स्टार कासव घरात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. स्टार कासवाचा तर २०१९ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात समावेश झाला. अधिनियमातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि साइट्सच्या यादीतल्या परदेशी जातींची नोंद बंधनकारक झाली. ती नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करायची असते. प्राणी घेण्याआधी त्याची जात, त्याचे कागद आणि विकणाऱ्याचे कागद पाहा. आणि लाल पट्ट्याचे कासव मोठे झाले म्हणून नीरा नदीत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. ते पुढे ताटाएवढे होते, दशकानुदशके जगते, आणि जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आगंतुक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे.

आता आपल्या घरांकडे येतो, कारण पुस्तकाचे खरे मोल मला इथे दिसते. परदेशी पुस्तकातला सल्ला जसाच्या तसा उचलला तर सातारा जिल्ह्यातल्या आपल्या खंडाळ्यात प्राणी मरतो. तिथला लेखक हिवाळी देशातल्या घराचा विचार करून लिहितो: शंभर वॉटचा दिवा, बंद काचेची पेटी, दिवसाला बारा-चौदा तास. आपल्याकडे खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीजवळ जातो. पत्र्याच्या छपराखाली खोली त्याहून तापते. बिअर्डेड ड्रॅगनला तापण्याच्या जागी चाळीस अंशांच्या आसपास ऊब चालते, पण पेटीचे दुसरे टोक २५ ते २८ अंशांवर हवे. दुपारच्या त्या खोलीत दुसरे टोकच उरत नाही. म्हणून आपल्या उन्हाळ्यात तापवणारा दिवा लहान करायचा, पहाटे-सकाळपुरता ठेवायचा, आणि यूव्हीबी ट्यूब व साधा उजेड यांवर दिवस काढायचा. डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो तेव्हा उलट करायचे: उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, आणि त्याला थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटशिवाय कोणतेही तापवणारे साधन लावू नये, यावर लेखकाने जो आग्रह धरला आहे त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे.

पेटी खिडकीत ठेवली की झाले, हा दुसरा सार्वत्रिक गैरसमज. खिडकीची काच यूव्हीबी जवळपास सगळे अडवते आणि उष्णता मात्र आत कोंडते. उन्हात ठेवलेल्या काचेच्या पेटीत प्राणी थोड्या वेळात भाजून मरतो. सूर्याचा फायदा घ्यायचा असेल तर जाळीचा पिंजरा, निम्म्यावर सावली, सकाळचे कोवळे ऊन आणि शेजारी माणूस, एवढे हवेच. उन्हाळ्यात दुपारचा यूव्ही निर्देशांक आपल्या भागात अकरा-बाराच्या घरात जातो. भर उन्हात बसणाऱ्या चौथ्या गटातला प्राणीही रानात त्या उन्हात बसून राहत नाही. आणि जून ते सप्टेंबर आकाश भरून आले की गॅलरीतले ऊन आठवडेच्या आठवडे मिळत नाही, त्या दिवसांत चांगली ट्यूब लागतेच.

ट्यूबविषयी थोडे बोलायला हवे, कारण पैसा तिथेच जातो. यूव्हीबीचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो, मधली जाळी त्यातला एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त खाते. ट्यूब डोक्यावरून हवी, बाजूने नको. भुवईची सावली डोळ्यांना वरूनच राखते. दिसणारा उजेड तसाच राहतो पण यूव्हीबी महिन्यागणिक उतरतो, म्हणून ट्यूब पेटते आहे तोवर चांगली असे धरून चालत नाही. बाजारात मिळणारे जंतुनाशक यूव्हीसी दिवे पेटीत कधीही लावू नयेत, ते डोळे आणि कातडी जाळतात. मोजमापाचे यंत्र महाग आहे, एकट्याने घेण्यासारखे नाही. चार-पाच पाळणाऱ्यांनी किंवा एखाद्या संस्थेने मिळून घ्यावे.

दिवसाच्या लांबीचाही आपला हिशेब वेगळा आहे. खंडाळा साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमधला सर्वांत मोठा दिवस इथे सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान अकरा तासांचा. बिअर्डेड ड्रॅगनच्या मूळ मुलखात हा फरक साडेतीन तासांच्या जवळ जातो, विषुववृत्ताजवळच्या प्राण्यांना तो जवळपास नसतोच. टायमर लावताना हे ध्यानात घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी पंधरा-वीस मिनिटे इकडेतिकडे करावी लागतात. जुन्या काटेवाल्या टायमरचे घड्याळ वीज गेली की थांबते आणि पेटीतला दिवस रात्रीत घुसतो. आपल्याकडे बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमरच घ्यावा.

आणि रात्र. लाल किंवा निळा रात्रीचा बल्ब लावायची पद्धत दुकानदारांनी रूढ केली आहे. सरपटणाऱ्यांना लाल रंग दिसतो, त्यांच्यासाठी ती रात्र नसतेच. रात्री पेटीत अंधार हवा, आणि दिवाणखान्यात मालिका चालू असेल तर पेटीवर जाड कापड हवे. निशाचर पालींच्या जातींनाही दिवस लागतो, तो लपण्याच्या जागेतून दिसेल असा मंद असला तरी. दिवे एकदम लावू-विझवू नयेत. आधी साधा उजेड, मग तापवणारा दिवा, दुपारच्या सुमाराला यूव्हीबीचा पूर्ण जोर, आणि संध्याकाळी उलट क्रम.

हे सारे आपल्या माणसांना अवघड जाणार नाही, याची मला खात्री आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांना दिवसाला सोळा तासांपर्यंत उजेड लागतो आणि वाढत्या तलंगांना तो अवेळी वाढवला तर नुकसान होते, हे पोल्ट्रीवाला जाणतो. शेवंतीला फूल धरायला लांब रात्र लागते, हे पॉलिहाउसवाला जाणतो. आपल्याच खंडाळा तालुक्यात, शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गाई-म्हशी आणि शेळ्या-कोंबड्यांच्या जोडीला आता कासव आणि इग्वानाही दवाखान्याच्या दारात येऊ लागले आहेत. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरांना हे पुस्तक हाताशी ठेवण्यासारखे वाटेल.

लेखकाने प्राण्यांची यादी देऊन प्रत्येकासमोर वॉट लिहिण्याचा सोपा मार्ग घेतलेला नाही. त्यांनी आधी प्राण्याचा मूळ दिवस समजावला आहे, मग आपल्या घरातला दिवस, आणि मग दोन्हींतली दरी दिव्यांनी कशी भरायची ते. दुकानातला माल बदलेल, ही रीत टिकेल. कुठे कुठे मांडणी तांत्रिक झाली आहे, पण वाचकाला कमी लेखून सोपे केलेले नाही, याबद्दल लेखकाचे आभार. प्राणी पाळूच नये असे पुस्तक म्हणत नाही, पाळावाच असेही म्हणत नाही. खर्च, जागा आणि वर्षे यांचा खरा आकडा ते समोर ठेवते.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक प्राणी आणण्याआधी वाचा. पेटी, दिवा, टायमर आणि थर्मामीटर आधी लावा, आठ-पंधरा दिवस रिकाम्या पेटीत तापमान लिहून काढा, दुपारचे आणि पहाटेचे दोन्ही. आकडे जमत नसतील तर प्राणी आणू नका. आणि ज्यांच्या घरात तो आधीच आहे त्यांनी आज संध्याकाळी त्याच्या पेटीवर किती वाजेपर्यंत उजेड पडतो ते पाहावे, आणि तिथून सुरुवात करावी.